पांढरी चौकट

पडद्यावर आयचा चेहरा धूसर होता आणि तिच्या डोक्यामागच्या भिंतीवर युस्टेस स्वतः लख्ख दिसत होता. लग्नाच्या फोटोतला युस्टेस. करडा सूट, कोटाला पांढरं फूल, ताज्या दाढीने चकाकणारे गाल, सगळं जिथल्या तिथे. कॉलरच्या कडेला न्हाव्याच्या वस्तऱ्याने ओढलेली बारीक रेघसुद्धा दिसत होती, जी फोटोकडे इतक्यांदा बघूनही त्याला कधी दिसली नव्हती. आणि त्याच्या पुढे, पडद्याच्या मधोमध, लाल चौकड्यांचं लुगडं नेसून बसलेली आय म्हणजे वाफ धरलेल्या काचेपलीकडचं कोणीतरी. तोंड हलत होतं. आवाज स्वच्छ येत होता, प्रत्येक शब्द, प्रत्येक श्वास, कडवं संपताना घशात होणारी खरखरसुद्धा. पण चेहरा नव्हता. युस्टेसने चष्मा पुसला. मग फाईल बंद करून पुन्हा उघडली. मग कार्ड काढून, फुंकर मारून पुन्हा घातलं, ज्याचा फोकसशी काडीचा संबंध नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं. माणसाची वाट लागली की तो फुंकर मारतो. त्याने गाणं पुढे ओढलं, मागे ओढलं, मध्ये कुठेतरी, एखाद्या कडव्यात तरी, कॅमेरा शुद्धीवर आला असेल म्हणून शोधलं. नाही. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत कॅमेऱ्याने इमानेइतबारे त्यालाच धरून ठेवलं होतं. नाहूरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं, आतून बायकोच्या, रूथच्या डब्याचा वास येत होता, आणि आयचं गळ्याचं ऑपरेशन येत्या गुरुवारी होतं. गाठ स्वरयंत्रावर होती. डॉक्टरांनी सगळी स्वरपेटीच काढायची म्हणून सांगितलं होतं. म्हणजे गुरुवारनंतर गाणं नाही, बोलणं नाही, हाक नाही.

चूक कुठे झाली हे त्याला लगेच कळलं, आणि तेच जास्त झोंबलं. न कळणारी चूक निदान नशिबावर ढकलता येते. युस्टेस एकटा शूट करणारा माणूस. बाप्तिस्म्याचे समारंभ, मरोळच्या कारखान्यांतल्या यंत्रांच्या फिल्मा, सोसायट्यांच्या रीडेव्हलपमेंटच्या सभा, आणि उरलेल्या वेळात स्वतःचा एक चॅनल, ज्यावर तो एकट्याने शूट करणाऱ्या लोकांना कुठला कॅमेरा घ्यावा ते सांगत असे. तिथे कॅमेऱ्यासमोरही तोच आणि कॅमेऱ्यामागेही तोच. समोर बसून बडबडताना फोकस कोण बघणार? म्हणून त्याने आपल्या मिररलेस कॅमेऱ्याला आपला चेहरा पाठ करून ठेवला होता. तशी सोय असते त्यात. एकदा कॅमेऱ्याला तोंड दाखवलं, नाव दिलं, की मग समोर दहा माणसं असली तरी तो तुम्हालाच शोधतो आणि तुमच्या डोळ्यावर एक छोटी पांढरी चौकट धरून बसतो. झकास सोय. त्याने या सोयीवर एक अख्खा व्हिडिओ केला होता, 'तुमचा कॅमेरा तुम्हाला ओळखतो का?' अशा मथळ्याचा, आणि त्यात दात काढून हसला होता. रविवारी आयच्या घरात कॅमेऱ्याने आपलं काम चोख केलं. खोलीत चार चेहरे होते: आय, भिंतीवरच्या फोटोतले युस्टेस आणि रूथ, आणि वेदीवरचा येशू. कॅमेऱ्याने ना येशूला भाव दिला, ना आयला. ओळखीच्या माणसाकडे गेला.

आणि खुर्ची फोटोपुढे कोणी ठेवली? त्यानेच. आय नेहमी बसते ती खिडकीजवळ, लाकडी घडीच्या खुर्चीवर. तिथून रस्ता दिसतो. पण तिथे मागे नुसती कोरी भिंत. त्याला मागे काहीतरी हवं होतं, खोलीला खोली यावी असं काहीतरी. म्हणून त्याने तिला उठवलं, खुर्ची ओढली, वेदीचा दिवा लावला, लग्नाचा फोटो थोडा डावीकडे सरकवला, दोन पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, "आता बरं दिसतंय." आय म्हणाली होती, "हितं वारा नाय येत रं." आणि तो म्हणाला होता, "थोडा वेळच ना, आय."

थोडा वेळ म्हणजे किती, ते त्या दुसऱ्या कॅमेऱ्याला विचारावं. गेले कित्येक महिने युस्टेसच्या डोक्यात दोन कॅमेरे भांडत होते. एक त्याचा स्वतःचा, हा मिररलेस: तळहातात मावणारा, हात थरथरला तरी चित्र थरथरू न देणारा, फोकस स्वतःच शोधणारा. फक्त उन्हाळ्यात तापून मध्येच डोळे मिटणारा. आणि दुसरा सिनेमा कॅमेरा: डब्यासारखा चौकोनी, जड, आत पंखा असलेला, दिवसभर चालवला तरी न दमणारा, उन्हासाठी काळ्या काचा पोटातच बाळगणारा, त्वचेचा रंग असा धरणारा की माणूस माणसासारखा दिसावा. पण बाकी ठोंब्या. त्याला स्वतःहून काही कळत नाही. चेहरा कुठला आणि भिंत कुठली, हे त्याला तुम्ही सांगायचं, लेन्सवरची कडी बोटांनी फिरवून, आणि सांगत राहायचं, क्षणभरही नजर न काढता. सिनेमावाल्यांकडे त्यासाठी वेगळा माणूस असतो. युस्टेसकडे युस्टेस होता. आंघोळ करताना, स्कूटरवर, मिस्साला उभा असताना तो हे दोन कॅमेरे तोलत राहायचा. रूथ म्हणायची, "दोन बायका केल्यास तरी एवढा विचार नसतास केला." यावर त्याला व्हिडिओ करायचा होता. एकट्या माणसाने कुठला घ्यावा? छातीठोक उत्तर द्यायचं होतं. सिनेमा कॅमेरा मिहिरकडून आला, अंधेरीत भाड्याने सामान देणारा त्याचा जुना दोस्त. तोच म्हणाला, "अरे, दोन्हींवर एकच माणूस शूट कर ना. सेम लाईट, सेम चेहरा. लोकांना फरक दिसला पाहिजे, यार. जरा सुरकुत्याबिरकुत्या असलेलं कोणीतरी घे." त्याच आठवड्यात आयच्या गळ्याचा रिपोर्ट आला होता. युस्टेसच्या डोक्यात या दोन गोष्टी कशा एकमेकींना चिकटल्या ते त्याला सांगता आलं नसतं. आयला तो एवढंच म्हणाला, "आय, उंबराच्या पाण्याचं गाणं रेकॉर्ड करूया, ऑपरेशनच्या आधी."

ते गाणं आता आयलाच येतं. लग्नाच्या आदल्या दिवशी घुमट वाजवत, कळशा घेऊन बायका विहिरीवर पाणी आणायला जातात, त्या वाटेवरचं गाणं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी नवऱ्या मुलाचं नाव घालायचं. मरोळच्या गावठाणात ध्रुपद सगळ्यांना येतं. कडवी आयला. विहिरीवर जाळी बसली, मग काठचा उंबर गेला, आता लग्नघरची माणसं कळशीत नळाचं पाणी भरून विहिरीला नुसता वळसा घालून येतात, पण कोणाचंही लग्न असो, कार्मेनला, म्हणजे आयला, बोलावणं येतंच, आणि तीही गुडघे धरत का होईना, जातेच. तिच्यामागून चालणाऱ्या पोरी ध्रुपद आलं की ओरडतात आणि कडवं आलं की फोन चाळतात.

रविवारी सकाळी आय नटून बसली होती. लुगडं, गळ्यात पोत, केसांत अबोली. युस्टेसने आधी सिनेमा कॅमेरा लावला, कारण जास्त हौस त्याची होती. ट्रायपॉड. वर कॅमेरा. कॅमेऱ्यावर मॉनिटर. दिवा. दिव्यापुढे कापड. "आय, जरा डावीकडे बघ." "आय, हनुवटी खाली." "आय, हलू नको गं, फोकस जातो." ती पाच मिनिटं बसायची आणि मग पुढे वाकून विचारायची, "झालं काय रं?" की फोकस गेलाच. तो कडी फिरवायचा, ती मागे टेकायची, पुन्हा गेला. "आय, खांबासारखी बस ना!" असं तो एकदा ओरडला. ती खांबासारखी बसली. मग बॅटरी गरम झाली म्हणून बदलली, मग बाहेर मेट्रोच्या कामाचा खडखडाट सुरू झाला म्हणून थांबले, मग खडखडाट थांबला तर आय म्हणाली, "मना पानी दे." पाणी पिताना तिला ठसका लागला. ठसका थांबल्यावर ती जी पांढरी पडली त्याने युस्टेस घाबरला, आणि घाबरला की त्याचा राग चढायचा, हे त्याच्या बापसापासून चालत आलेलं. मरो तो सिनेमा कॅमेरा, असं म्हणून त्याने तो ट्रायपॉडवरून उतरवला, खटकन मिररलेस चढवला, चालू केला. चौकट आली. पांढरी, स्थिर. "हा स्वतः बघतो," तो म्हणाला. "तू गा." आणि आपण कानाला हेडफोन लावून आवाजाच्या काट्यावर डोळे रोवून बसला, कारण त्याला भीती होती ती आवाजाची. चौकट होती एवढं त्याने बघितलं. ती कोणावर होती ते नाही बघितलं. आय गायली. सगळी कडवी, एकही न गाळता, नाव घालायच्या जागी "युस्टेस" घालून, सवयीने असेल किंवा मागे फोटो होता म्हणून असेल. शेवटच्या कडव्याला आवाज चिरला तरी तिने ते ओढून पुरं केलं. मग हात कपाळाला लावून क्रूस केला. संध्याकाळी तिचा आवाज बसला. तो बसलाच.

आता एका कार्डावर आयचा चेहरा होता. स्वच्छ, कोरून काढल्यासारखा, पापणी न् पापणी, पण तोंड बंद. वाट बघणारी, "झालं काय रं" विचारणारी, खांबासारखी बसलेली. दुसऱ्या कार्डावर आयचं गाणं होतं आणि चेहरा नव्हता. तेल गेलं, तूप गेलं, हाती आलं धुपाटणं, आणि धुपाटण्यावर आपलाच फोटो.

"काय झालं?" रूथ ओले हात पदराला पुसत मागे येऊन उभी राहिली. बँकेत जायच्या घाईत होती. तिने पडद्याकडे बघितलं आणि आधी हसली. "अगंबाई, तू किती बारीक होतास रे!" मग तिला आय दिसली, म्हणजे न दिसली. "हे रविवारचं?"

"हो."

"परत घे ना मग."

"कसं घेऊ? आवाज गेलाय तिचा. जोर द्यायचा नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी."

"मिहिरवाला कॅमेरा होता ना? त्याच्यावर का नाही घेतलंस?"

युस्टेस उत्तर देऊ लागला. काळ्या काचा, पंखा, एकट्या माणसाला कडी फिरवणं, आयचं हलणं, सगळं त्याने सांगितलं, आणि बोलता बोलता त्याला ऐकू आलं की आपला आवाज चॅनलवरच्यासारखा झालाय, 'तर मित्रांनो' म्हणायचंच तेवढं बाकी राहिलंय. रूथने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "युस्टेस, एक सांग. तू तिचं गाणं घ्यायला गेला होतास की कॅमेऱ्यांची परीक्षा घ्यायला?" आणि त्याने काही म्हणायच्या आत डबा पिशवीत टाकून गेली. दार तिने आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, त्यालाही मग ओरडता आलं असतं.

तो एकटाच राहिला आणि जे सगळे करतात ते त्याने केलं. धूसर चित्र स्वच्छ करणारं एक सॉफ्टवेअर असतं, ते चालवलं. त्या सॉफ्टवेअरने आयला नवा चेहरा दिला, गुळगुळीत, मेणाचा, भुवया कोरलेल्या. दात सरळ केले. आयचा वरचा एक दात वाकडा आहे. युस्टेसने ते पुसून टाकलं, घाईघाईने, कोणी बघेल म्हणून. मग त्याने दुसरा उपाय करून बघितला. सिनेमा कॅमेऱ्यातल्या आयच्या चेहऱ्याखाली मिररलेसमधलं गाणं घातलं. बघायला बसला. गाणं चालू होतं आणि आय तोंड मिटून ऐकत होती, अगदी मन लावून, एखाद्या परक्या बाईचं गाणं ऐकावं तशी. मध्येच ती पुढे वाकून म्हणाली, "झालं काय रं?" त्याने ते बंद केलं. राग आला होता, पण धरायचा कोणावर? कॅमेऱ्यावर? त्याने सांगितलेलं केलं. मिहिरवर? त्याला फोन केला तर तो म्हणाला, "बॅकग्राऊंडला फोटो ठेवून फेस रजिस्टर ऑन? अरे, तू लोकांना शिकवतोस ना, यार!" आणि खो खो हसला, कारण त्याला गुरुवारचं माहीत नव्हतं. युस्टेसने सांगितलं नाही. नुसतं म्हणाला, "तुझा डबा अजून एक दिवस ठेवतो." "ठेव की," मिहिर म्हणाला. "निदान तो आगाऊपणा तरी करत नाही."

एक गोष्ट त्याला त्या दुपारी कपाटातून शोधावी लागली. आपल्या लग्नाची सीडी. ती लावायला घरात यंत्रच नव्हतं, सोसायटीतल्या सुबोधकडे एक धूळ खात पडलेलं निघालं. उंबराच्या पाण्याची मिरवणूक. घुमट, दिव्यांचा झगझगाट, नाचणाऱ्या मावश्या, आणि मधोमध छत्रीखाली तो, घामाघूम, ओशाळं हसत. आवाज आयचा. कडवं न् कडवं. पण व्हिडिओवाल्याने कॅमेरा नवऱ्यावरून हलवला नव्हता, हलवेल कशाला, पैसे त्याचेच दिले होते. एका ठिकाणी कडेला आयची कोपरापर्यंतची बाही येते, कळशीला लावलेला हात येतो, आणि जातो. त्या वेळी बघताना युस्टेस म्हणाला होता, काय गाढव आहे हा, आयला घेतलंच नाही. तिथूनच त्याने कॅमेरा हातात धरला होता, खरं म्हणजे. आपण असं नाही करणार, म्हणून. नंतर किती लग्नांत त्याने नवऱ्यामागची, नवरीमागची माणसं शोधून शोधून टिपली, लोक नावाजायचे त्याबद्दल. आणि स्वतःच्या आयच्या वेळी त्याने एक यंत्र नेलं होतं ज्याला त्याने आपलंच तोंड पाठ करून दिलं होतं. त्या व्हिडिओवाल्याचं नावही त्याला आठवेना. त्याची माफी मागावीशी वाटली.

बुधवारी दुपारी तो स्कूटरच्या पायाशी सिनेमा कॅमेऱ्याची पेटी ठेवून निघाला. पवईपर्यंत तो काही ठरवू शकला नाही. तिला दाखवायचं का? गुरुवारी सकाळी दवाखान्यात जायचं, आणि आज तिला सांगायचं की तुझं गाणं मी घालवलं? न दाखवावं, तर ती मागणार. तिने रविवारीच सांगितलं होतं, मला दाखव, एकदा बघू दे. लिंक रोडवर सिग्नलला उभा असताना त्याला वाटलं, खोटं सांगावं: कार्ड खराब झालं. कार्डं खराब होतातच. मग त्याला वाटलं, आय रडली तर? आणि मग त्याला जे खरं वाटत होतं ते वर आलं: ती रडणार नाही, ती म्हणेल चालतंय रं, आणि ते त्याला सहन होणार नाही. शिवी घातली असती तर बरं. पण शिवी घालायलाही आवाज लागतो. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. सिग्नल केव्हाचा हिरवा झाला होता.

आय खिडकीजवळ आपल्या घडीच्या खुर्चीवर बसली होती. दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. टॉवेल, जपमाळ, स्टीलचा पेला. बोलायची ती कुजबुजत, वारा आल्यासारखं, आणि त्यातही घोगरं. तिने हात पुढे केला. दाखव. युस्टेसने लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला आणि आपण उभाच राहिला, कोर्टात पेशीला उभा असल्यासारखा. गाणं सुरू झालं. आयने डोळे बारीक केले. मग चष्मा मागितला. चष्मा लावून बघितलं. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि त्याला वाटलं झालं, आली वेळ. पण ती हसत होती. आवाज न करता, पोट धरून.

"चांगला दिसतंस," ती कुजबुजली.

"आय, हसू नको. माझ्याकडून चूक झाली. तू दिसतच नाहीस."

"गान्यात नाव कुनाचं हाय?"

"म्हणून काय झालं?"

"नवऱ्याचं गानं. मग नवराच दिसनार ना. गानारीला कोन बगतं? ती तर वाटेला पुढं बगत असती, पाय घसरंल म्हनून."

नेमकं हेच नको होतं त्याला. ती त्याला मोकळं करत होती, नेहमीसारखं, आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "मला तू हवी होतीस!" तो ओरडला. "मला काय करायचाय माझा फोटो? उद्यानंतर—" आणि तिथे त्याची जीभ अडखळली, कारण उद्यानंतर काय ते या घरात अजून कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. आयने लॅपटॉप बंद केला, नीट, दोन्ही हातांनी.

"तू मना त्या दिवशी बगितलंस कुठं?" ती म्हणाली. रागाने नाही. "आदी त्या डब्यात बगत होतास. मग त्या काट्यात बगत होतास. मी कवाची बसून हाय, समोर."

त्याच्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते फोकसबद्दलचं होतं.

मग आय उठली. आत गेली, बराच वेळ गेली, आणि लुगडं नेसून, पोत घालून बाहेर आली. अबोली नव्हती, त्याजागी कुंडीतली दोन सदाफुलीची फुलं. तिने हाताने खूण केली: लाव. युस्टेस म्हणाला, "आय, गायचं नाहीये तुला."

"शिनेमात नट्या कुठं गातात? नुसतं तोंडच हलवतात. तू गानं लाव. मी तोंड हलवतंय."

त्याने तिच्याकडे बघितलं. या शहरात कित्येक वर्षं हेच चाललंय, फिल्मी लोक पोटापाण्यासाठी हेच करतात, आणि एवढा कॅमेऱ्यांचा पंडित तो, त्याला हे सुचलं नव्हतं. आयला सुचलं. "भिंतीवरचा फोटो काढून ठेवू का?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. नवरा नाय तर गानं कुनाचं?" आणि या वेळी खरंच फरक पडत नव्हता, कारण सिनेमा कॅमेऱ्याला फोटोतला कोण आणि खुर्चीतली कोण, याची काहीच ओळख नव्हती. पण खुर्ची त्याने हलवली नाही. खिडकीजवळच ठेवली, वारा येत होता तिथे. फोटो चौकटीच्या अगदी कडेला आला, अर्धा.

त्याने फार वेळ लावला नाही. दिवा नाही, कापड नाही. खिडकीचा उजेड पुरेसा होता. डावा हात लेन्सच्या कडीवर, डोळे मॉनिटरवर. आयच्या उजव्या डोळ्याची पापणी धरली, तिला धरून ठेवायचं, एवढंच काम. स्पीकरवर गाणं लावलं. रविवारची आय गाऊ लागली आणि बुधवारची आय तोंड हलवू लागली. पहिल्या कडव्यात ती मागे पडली. स्वतःचंच गाणं, पण तिला स्वतःला गाठता येईना. रविवारच्या आयला जास्त घाई होती. दुसऱ्या कडव्यात जुळलं. ती डुलायला लागली, गाणारी बाई डुलणारच, आणि ती पुढे आली की त्याची बोटं कडीवर सुतभर सरकत, मागे गेली की सुतभर मागे. खांबासारखी बस असं त्याने म्हटलं नाही. पापणी स्वच्छ होती. ओठ स्वच्छ होते, वाकडा दात स्वच्छ होता, गळ्याची हलणारी शीर स्वच्छ होती, आणि तो मनात म्हणत होता, येतंय, येतंय, जमतंय, बाई गं, एवढं पुरं होऊ दे. चौथं कडवं. पाचवं. त्याच्या मानेला रग लागली, घाम डोळ्यात उतरला, पण मॉनिटरवरून त्याने नजर काढली नाही. आयचा इतका चांगला चेहरा त्याने कधी टिपला नव्हता. कोणाचाच टिपला नव्हता. व्हिडिओचं उत्तरही त्याला मिळून चुकलं होतं, आणि ते मिळाल्याचा आनंद झाला याची त्याच क्षणी त्याला लाजही वाटली.

शेवटचं कडवं आलं. रविवारी आवाज चिरला होता ते. स्पीकरवर तो चिरला, आणि आय थांबली. गाणं पुढे चाललं होतं पण तिचं तोंड हलत नव्हतं. मॉनिटरमध्ये त्याला दिसलं की ती लेन्सकडे बघत नाहीये. लेन्सच्या वर बघतेय. नाव यायचं होतं. स्पीकरवर नाव आलं, आणि त्यापाठोपाठ, खोलीत, खरखरीत, फुटक्या आवाजात, जोर देऊ नको म्हणून सांगितलेलं असताना, तिने ते घेतलं. गाण्यातलं नाही. हाक मारतात तसं. "युस्टेस."

त्याने मान वर केली.

ती पुढे वाकून त्याच्याकडे बघत होती. केसांतलं एक फूल कानावर ओघळलं होतं. स्पीकरवरचं गाणं संपलं, नुसती हवेची सळसळ राहिली, कॅमेऱ्याच्या आतला पंखा घरघरत राहिला. मग आय मागे टेकली आणि ओठांनीच म्हणाली, झालं काय रं?

"झालं," युस्टेस म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी, आयला वॉर्डात आणून गळ्याला पट्टी बांधून झोपवल्यावर, बाहेरच्या बाकावर बसून त्याने ते रूथला फोनवर दाखवलं. रूथ बघत राहिली. शेवटी आल्यावर ती दचकली, बोट लावून मागे नेलं, पुन्हा बघितलं. "अरे, इथे काय झालं?" ती म्हणाली. "सगळं एवढं छान आलंय, आणि नेमकं नाव घेते तिथेच ती धूसर झालीय. फोकस कुठे गेला?"

"इथे मी तिच्याकडे बघत होतो," युस्टेस म्हणाला.